आधी कारभाऱ्याची म्हैस

'अँटीबॉडी' हा शब्द हल्ली कोणाच्याही तोंडी ऐकू येतो. मोठी साथ येऊन गेली तेव्हापासून आमची भाजीवालीसुद्धा सांगते, माझ्या अंगात लई हायेत म्हणून. सांगताना चेहरा असा की जणू पोरगा कलेक्टर झालाय. मला राग येतो. तिचा नाही, त्या शब्दाचा. आमच्या घरात तो फार आधी शिरला, मी आठवीत असताना. माझ्या मायच्या रक्तात तो सापडला. तिला कोणी शाबास म्हटलं नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा होता. आमचं गाव रेणापूरच्या अंगाला, डांबरी सडकेपासून बरंच आत. जिल्हा झाला म्हणून गाव हरखलं होतं. कचेरी जवळ आली, साहेब जवळ आले, आता पाणीही जवळ येणार, असं पारावर बोलणं चाले. साहेब आले. पाणी आलं नाही. जिल्हा नवा झाल्याचं पावसाला कोणी कळवलंच नसावं. विहिरी उघड्या पडल्या, कडब्याची पेंढी सोन्यासारखी जपायची वेळ आली, आणि नदीच्या कोरड्या पात्रात जनावरांची छावणी पडली.

छावणीत जनावर घ्यायचं तर मालकाच्या नावावर सातबारा पाहिजे, असा नियम. आमच्या बौद्धवाड्यात सातबारा किती जणांकडे होता ते सांगायची गरज नाही. बाबा रोजगार हमीच्या सडकेवर खडी फोडायचे. जमीन म्हणाल तर घराखालची, तीही गावठाणातली. पण आमच्याकडं एक म्हैस होती. वगार असताना मायनं ती दुसऱ्याची अर्धलीवर सांभाळली होती, म्हणजे वाढवायची आपण आणि मालकी दोघांची. पुढं राबून राबून दुसरा अर्धा हिस्साही मायनं आपला केला. आमच्या घरातला चहा, माझी शाळा, सणाची साडी, सगळं त्या म्हशीच्या कासेतून यायचं. ती जगली तर आम्ही सावरणार, हे मला कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं. शाळेतून आले की मी आधी तिच्याकडं जायची, मग भाकरीकडं.

छावणीत तिला जागा मिळाली ती मायच्या हातामुळं. मायच्या हाताला म्हशी पान्हवायच्या. नवी जागा, अनोळखी गोतावळा, अर्धपोटी वैरण. छावणीतल्या अर्ध्या म्हशी बुजलेल्या होत्या. मालक खाली बसला की दूध वर चढवायच्या. माय बसली, कासेवरून हात फिरवला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली की चरवीत धार वाजायला लागायची. छावणीचा कारभार ज्याच्याकडं होता त्याला सगळे कारभारीच म्हणत. किराण्याचं आणि पेंडीचं दुकान, चांगली काळी जमीन, बोलणं मोठं. त्यानं मायशी ठरवलं, सकाळ-संध्याकाळ सगळ्या दुभत्या म्हशींची धार तू काढायची, बदल्यात तुझी म्हैस दावणीच्या शेवटाला बांध, छावणीची वैरण तिलाही मिळेल. पैसा नाही. माय तयार झाली. दुष्काळात वैरण मिळते म्हणजे देव पावला असं म्हणायची पद्धत आहे, आम्ही देव सोडले होते म्हणून तिनं नुसती मान हलवली.

आता कोणी विचारील, तुमच्या हातचं दूध गावाला चाललं कसं? चाललं, कारण ते गावात राहत नव्हतं. डेअरीचा कॅन यायचा, सगळं त्यात ओतलं जायचं, कॅन लातूरला जायचा. कॅनला जात नसते, एवढी अक्कल गावाला दुष्काळानं दिली होती. कारभाऱ्याच्या घरचं प्यायचं दूध मात्र त्याची भावजय गावातल्या गायीचं काढायची. माय हे सगळं जाणून होती.

छावणीत धार काढायची एक रीत पडली होती. ती कोणी लिहिली नव्हती, पण मोडायची कोणाची टाप नव्हती. पोळ्याला जसा मानाचा बैल पुढं असतो, तशी धारही मानानं निघायची. आधी कारभाऱ्याची म्हैस. मग पाटलाकडची. मग उतरत्या भाजणीनं एकेक घर, आणि सगळ्यांच्या शेवटी आमची. एकदा कोणाची तरी म्हैस चुकून आधी पिळली गेली, तर त्या दोन घरांत चार दिवस बोलणं बंद होतं. जनावरं तहानेनं माती चाटून राहिली होती आणि ह्यांना मानाची पडली होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

संक्रांतीच्या सुमाराला कारभाऱ्यानं बाजारातून एक नवी म्हैस आणली. दुष्काळात लोक मातीमोल विकून राहिले होते, ह्याला दुकान होतं, ह्यानं घेतली. मायनं पहिल्याच दिवशी तिच्या सडांना हात लावला आणि मागं घेतला. सडांवर फोड होते, मधे खळगा पडलेले, काही फुटलेले. माय कारभाऱ्याकडं गेली. मी तिच्याबरोबर चरवी घेऊन होते. तिनं सांगितलं की ही म्हैस बाजूला बांधा, हिची धार मी सगळ्यात शेवटी काढीन, बाकीच्यांना लागायला नको. कारभाऱ्याला त्यातलं एकच कळलं: सगळ्यात शेवटी. म्हणजे आमच्या म्हशीच्याही मागं. तो म्हणाला, बाजारात दाव्यानं घासलं असंल, तू काही डॉक्टर न्हाईस, रोजच्यासारखं चालू दे.

रोजच्यासारखं चाललं. आधी फोडवाली म्हैस, मग तोच हात पाटलाच्या म्हशीला, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. मधे हात धुवायला पाणी मागावं तर टँकर दिवसाआड, आणि त्याच्यावर बायांची डोकी फुटायची वेळ. माय राखेनं हात घासायची. फोड मानाच्या पायऱ्या उतरत उतरत सगळ्या दावणीत फिरले आणि शेवटी आमच्या म्हशीला आले. त्याआधी मायच्या बोटांना आले. अंगठ्याला, दोन बोटांना, एक मनगटाला. टपोरे, ठणकणारे. काखेत गाठ आली, ताप आला. तरी धार चुकली नाही. चुकली असती तर वैरण चुकली असती. मी म्हटलं एक दिवस तरी नको जाऊ, तर म्हणाली, तू शाळेला जा, हितं डोकं लावू नको.

गावात कुजबुज झाली की देवी आली. मरीआईला नैवेद्य गेला, दारांना लिंबाचे डहाळे लागले, फोडणी बंद झाली. तेल तरी कुठं होतं फोडणीला. पण देवी जगातून गेल्याचं शाळेत आम्हाला शिकवलं होतं. देवी परत आल्याची बातमी पार वरपर्यंत गेली असावी, कारण थोड्याच दिवसांत एक जीप आली. त्यात दोन डॉक्टर, एक बाई, आणि बर्फाची पेटी. कुठल्याशा शहरातल्या प्रयोगशाळेतले होते. देवी तर गेली, मग हे कोण आलं, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यासाठी खेड्याखेड्यातून रक्त गोळा करून राहिले होते.

जीप बघितल्यावर गावातले बाप्ये जे पळाले ते थेट माळावर. नसबंदीच्या जीपा लोकांनी पाहिल्या होत्या. बाया दार लावून बसल्या. छावणीत उरली जनावरं आणि माय, कारण धारेची वेळ होती. मोठ्या डॉक्टरानं तिची बोटं पाहिली, चष्मा वर केला, पुन्हा पाहिली. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. तिच्या दंडावरचे लस टोचल्याचे वण बघितले, ताप किती दिवस होता ते विचारलं, आणि रक्त देता का म्हणाला. मायनं विचारलं, ह्यानं म्हशींचे फोड कशानं बरे होतात ते कळंल का? तो म्हणाला, कळेल, आम्ही परत येऊन सांगू. मायनं बाही वर केली. तिला बघून मग हळूहळू बाया आल्या, बायांना बघून बाप्ये आले. म्हणजे त्या गावातला तो सगळा अभ्यास माझ्या मायच्या दंडापासून सुरू झाला. ह्या एकाच कामात तिचा नंबर पहिला लागला.

ते परत आले होळीच्या आसपास. तोवर मायची बोटं वाळून खपल्या पडल्या होत्या, खाली नवी गुलाबी कातडी आली होती. आमच्या म्हशीचेही सड बरे होत आले होते. छावणीच्या मांडवात गाव जमलं. डॉक्टरानं शहरी मराठीत समजावलं की ही देवी नाही, घाबरू नका, हा म्हशींचाच आजार आहे, देवीच्या जातकुळीतला, पण सौम्य. इथवर ठीक. लोकांनी श्वास सोडला. मग तो म्हणाला, हा आजार धार काढणाऱ्या हातानं एका जनावराकडून दुसऱ्याकडं जातो. आणि मायकडं हात करून, अगदी कौतुकानं म्हणाला, ह्या बाईंच्या रक्तात सगळ्यात जास्त अँटीबॉडी सापडल्या.

त्या शब्दाचा अर्थ मला पुढं नांदेडला नर्सिंगला असताना कळला. शरीर लढलं आणि जिंकलं, त्याची ती खूण. ज्याच्या रक्तात ती आहे त्याला तो आजार सहसा पुन्हा धरत नाही. वर्गात मॅडम शिकवत होत्या आणि माझे कान तापून लाल झाले होते. पण त्या दिवशी मांडवात तो अर्थ कोणाला ठाऊक नव्हता आणि डॉक्टरला तो सांगावासा वाटला नाही. त्याला वाटलं सगळ्यांना कळलं. गावाला जे कळायचं ते कळलंच होतं: सगळ्यात जास्त हिच्याच रक्तात, आणि हिच्याच हातानं पसरलं. शेकडो वर्षं जे नुसतं म्हणत आले ते आता सरकारी जीपमधून आलं होतं. शिवू नये म्हणायची लाज वाटायला लागली होती, तर हे सापडलं. आता लाजायचं कारण उरलं नाही.

डॉक्टर पुढं सांगत होता की प्रत्येक म्हशीनंतर साबणानं हात धुवा. कोणीतरी मागून म्हणालं, साहेब, साबन देऊन राहिले का पानी? हशा झाला. त्या हशात माय उभी राहिली. भर सभेत ती कधी बोलली नव्हती.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "माझ्या हातानं फुडं गेलं, ते खरं. पन माझ्या हातात कुठून आलं, ते बी सांगा की."

कारभारी आपल्या चपलेकडं बघायला लागला. डॉक्टर म्हणाला, "ते आम्ही तपासलेलं नाही. जनावरांचं रक्त आम्ही घेत नाही. ते खातं वेगळं."

झालं! माणसांचं खातं वेगळं, म्हशींचं खातं वेगळं. मायचं रक्त बाटलीत भरून, बर्फात घालून, कुठल्या कुठं नेऊन तपासलं. त्या म्हशीचे सड दहा पावलांवर होते, ते खाली वाकून कोणी बघितले नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोर दावणीला पहिल्या नंबरावर पेंड खात उभा होता.

एकच माणूस बोललं, ते कारभाऱ्याच्याच घरचं. त्याची म्हातारी आई. तिच्या तोंडावर देवीचे खोल वण होते, एक डोळा त्यातच गेलेला. ती म्हणाली की आमच्या वेळेला ज्याला देवी येऊन गेली त्यालाच रोग्यापाशी बसवायचे, मीच किती जणांजवळ बसले, त्याला पुन्हा होत न्हाई, ह्या बाईचं आता होऊन गेलंय, हिलाच धार काढू द्या. तिचं अगदी बरोबर होतं. कारभारी तिला म्हणाला, आई, तुमाला कळत न्हाई, हे सायन्स हाय. जीप गेली.

दुसऱ्या दिवसापासून मायची धार बंद. आमच्या म्हशीचं दावं सोडून कारभाऱ्याच्या गड्यानं ते मायच्या हातात दिलं. वर सांगितलं, नाराज हू नका, रिपोर्टात आलंय. त्या गड्याचा तरी काय दोष? मला मात्र त्याच्या तोंडावर शेण फेकावंसं वाटलं. मायनं दावं घेतलं आणि म्हैस घराकडं आणली. घरी वैरण नव्हती. बाबांनी कामावरून येताना बाभळीच्या शेंगा, वाळकं गवत, मिळेल ते आणलं. मी शाळा बुडवून बांध धुंडाळले. म्हैस रोज जराशी आत ओढली जायची. माकडहाड वर आलं, डोळ्यात चिपडं यायला लागली. दूध आटून चहापुरतं उरलं.

तिकडं छावणीत नवे हात बसले. त्यांना हा आजार कधी झालेला नव्हता, त्यांना झाला. कारभाऱ्याच्या म्हशीचे फोड चिघळलेले होतेच, ते छावणीत नव्यानं आलेल्या म्हशींना लागले, कारण रीत तीच, आधी कारभाऱ्याची म्हैस. आणि ती म्हैस त्या परक्या हातांना पान्हवेना. दूध कासेत कोंडलं, कास दगडासारखी झाली. ती रात्रंदिवस हंबरायची. आमच्या वाड्यापर्यंत आवाज यायचा. माय ऐकायची आणि भाकरी थापायची. मी एकदा म्हटलं, बरं झालं मेलीला. तर मायनं मला फाडकन मुस्काटात मारली. म्हणाली, तिनं काय केलंय?

आणि मग कारभारी आला. स्वतः. आमच्या दारात, भर सकाळी, सगळा वाडा बघत असताना. आत आला नाही, बसला नाही, पण आला. म्हणाला, झालं गेलं जाऊ दे, म्हैस हातची जाती, तू चल. तुझी म्हैस आण, तिच्या जागेवर बांध, वैरण सुरू करतो. माझा जीव उडीच मारायला लागला. मी म्हशीचं दावं सोडायलासुद्धा धावले.

माय उंबऱ्यात उभी होती. ओल्या पिठाचे हात. म्हणाली, "येते मालक. पन धार आता आमच्या म्हशीपासून सुरू व्हईल. ज्यांचे सड बरे ते आधी, ज्यांना फोड हायेत ते मागून. तुमची सगळ्यात शेवटी."

कारभारी आधी हसला. तिनं गंमत केली असं त्याला वाटलं. मग त्याचा चेहरा बदलला. "म्हंजी माझी म्हैस तुझ्या म्हशीच्या मागं?"

"मागं न्हाई लावली म्हनूनच तर हे झालं."

मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. हो म्हण, मनात म्हणत होते, हो म्हण ना रे बाबा, तुझीच म्हैस मरून राहिली. मग मायकडं बघितलं. तू तरी सोड ना. काय फरक पडतो, आधी काय न शेवटी काय. वैरण तर मिळतीय. दोघंही हलले नाहीत. शेवटी कारभारी म्हणाला, गाव काय म्हनंल मला, आणि गेला. त्याच्या म्हशीचे दोन सड कायमचे बाद झाले. माझ्या मायच्या हातानंच झाले, असं तो पुढं मरेपर्यंत सांगत राहिला.

आमची म्हैस त्याच आठवड्यात रेणापूरच्या बाजारात गेली. देगलूरकडचा व्यापारी होता, तेलुगू मिसळून बोलायचा. दुष्काळात जनावरं स्वस्तात उचलत फिरणारा. त्यानं शिंगं पाहिली, दात पाहिले, बरगड्या मोजल्यासारख्या चाचपल्या, आणि हवी ती किंमत बोलला. घासाघीस करायला आमच्याकडं काही नव्हतं. जाताना म्हैस मागं वळून हंबरली. तिला पुढं ओढायला दोघं लागले.

येताना मी सडकेवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. मायला नाही नाही ते बोलले. तुझ्या ताठ्यापायी गेली, एक हो म्हणायला काय झालं होतं, तुला माझी फिकीर न्हाई. जाणारे-येणारे बघत होते. मायनं मला ओरडू दिलं. मग शेजारी मातीतच बसली.

"हो म्हनलं असतं तर म्हैस ऱ्हायली असती," ती म्हणाली. "अन् तू बी शिकली असती, हो म्हनायला."

ह्या वाक्यावर माझ्या नर्सिंगच्या मैत्रिणींच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझी मुलगी तर म्हणते, आजी काय ग्रेट होती. होती. मी आयुष्यात कोणापुढं वाकले नाही ते तिच्यामुळं, हेही कबूल. पण त्या उन्हाळ्यात आम्ही काळा चहा प्यायलो, माझी शाळा सुटली ती वर्षभर सुटलीच, आणि बाबांच्या बरोबर मीही खडी फोडली. त्या दिवशी सडकेवर बसून मला तिचं म्हणणं पटलं नव्हतं. आज तिला जाऊनही बरीच वर्षं झाली, तरी पुरतं पटलेलं नाही. मला म्हैस पाहिजे होती.